धातू तापवण्यासाठी आणि कापण्यासाठी गॅस टॉर्चचा संच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅसचा संच घ्यायचा ठरला की नजर आधी टॉर्चवर जाते. माझा आग्रह उलटा आहे: टॉर्च शेवटी बघा. काय तापवायचं किंवा कापायचं, त्याची जाडी किती आणि ज्योत सलग किती वेळ पेटती राहणार, एवढं आधी ठरवा. त्यावरून गॅस ठरतो. गॅस ठरला की नळ्या, रेग्युलेटर आणि नोझल यांत निवडीला फारसा वाव उरत नाही. पुढचे प्रश्न मला सतत विचारले जातात.

ऑक्सिजनशिवाय चालणारा साधा हातटॉर्च पुरेल का?

पुष्कळ कामांना पुरतो. डाख देणं, तांब्याच्या बारीक नळ्या जोडणं, जुना रंग सैल करणं, लहान नट तापवून सोडवणं ही कामं तो नीट करतो. हवेत जळणाऱ्या प्रोपेनची ज्योत सुमारे १,९०० ते २,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि पोलाद १,५०० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून कागदावर वाटतं की या टॉर्चने काहीही होईल. प्रत्यक्षात होत नाही. हवेचा सुमारे चार-पंचमांश भाग नायट्रोजन असतो. तो जळत नाही, नुसता तापतो आणि उष्णता घेऊन निघून जातो. जाड तुकडा तर मिळालेली उष्णता लगेच आपल्या अंगभर पसरवतो आणि हवेला देऊन टाकतो.

हातटॉर्च असेल तर एक करून बघा. कामाभोवती तीन बाजूंनी उष्णतारोधक विटांचा आडोसा उभा करा. जो तुकडा उघड्यावर लाल होत नव्हता, तो आडोशात लाल होतो. मोठा टॉर्च घेण्याआधी हा प्रयोग केल्यावर अनेकांना मोठ्या टॉर्चची गरजच उरत नाही.

पोलाद कापणं मात्र या टॉर्चने होणार नाही. त्याला ऑक्सिजनची स्वतंत्र धार लागते.

ज्याच्या ज्योतीचं तापमान जास्त तो गॅस चांगला, असं धरावं का?

नाही. संच चुकीचा निवडला जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हीच समजूत आहे. ऑक्सिजनबरोबर ॲसिटिलीनची ज्योत सुमारे ३,१०० अंशांपर्यंत जाते आणि प्रोपेनची सुमारे २,८०० अंशांपर्यंत. एवढंच पाहिलं तर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण तापमान म्हणजे ज्योत किती तीव्र आहे, आणि उष्णता म्हणजे ती एकूण किती देते. ॲसिटिलीन जळून घनमीटरमागे सुमारे ५५ मेगाजूल उष्णता मिळते, प्रोपेनपासून ९० हून जास्त.

ही उष्णता ज्योतीच्या कुठल्या भागात सुटते तेही बघावं लागतं. ॲसिटिलीनच्या ज्योतीत एकूण उष्णतेचा साधारण तिसरा भाग आतल्या निळसर-पांढऱ्या शंकूत सुटतो. त्यामुळे ती एका ठिपक्यावर नेमकी बसते. वितळवून जोडणं, कापण्याआधी कडा झटकन लाल करणं, अवघड कोपऱ्यात एकच जागा तापवणं यांत तिला तोड नाही. प्रोपेनच्या आतल्या शंकूत जेमतेम नववा भाग सुटतो, बाकीचा बाहेरच्या पसरट ज्योतीत. म्हणून मोठा अँगल वाकवायचा, शाफ्ट तापवायचा किंवा जाड प्लेट सगळीकडून सारखी गरम करायची असेल तर प्रोपेन कामाचा. तापवताना प्रोपेनचा शंकू कामाला चिकटवू नका, टॉर्च जरा मागे धरा. ॲसिटिलीनवर हात बसलेली माणसं इथे चुकतात आणि प्रोपेनला जोर नाही म्हणतात.

कापणारा टॉर्च लोखंड वितळवतो ना?

मुख्यतः जाळतो. नोझलच्या कडेच्या छिद्रांतली ज्योत पोलादाला भडक लाल करते, सुमारे ८७० ते ९०० अंशांपर्यंत. मग लिव्हर दाबला की मधल्या छिद्रातून शुद्ध ऑक्सिजनची धार येते आणि तापलेलं लोखंड त्यात पेट घेतं. या जळण्यातून जी उष्णता निघते तीच पुढच्या थराला तापवते. जळून तयार झालेलं ऑक्साइड पोलादापेक्षा कमी तापमानाला पातळ होतं, म्हणून धार त्याला ढकलून खाली पाडते आणि मागे चीर उरते.

एवढं समजलं की काम बिघडल्यावर कुठे बघायचं ते कळतं. चीर मध्येच बंद पडली तर बहुतेकजण ज्योत वाढवतात. आधी ऑक्सिजनची धार बघा: मधलं छिद्र स्वच्छ आहे का, धार सरळ पडते का, दाब पुरेसा आहे का, हात फार वेगाने तर जात नाही ना. शुद्धताही इथेच महत्त्वाची ठरते. कापायला सुमारे ९९.५ टक्के शुद्ध ऑक्सिजन लागतो आणि त्यात एका टक्क्याची घट झाली तरी वेग साधारण पाव भागाने उतरतो.

मग स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम, बीड (ओतीव लोखंड) यांचं काय?

साध्या गॅस कटरने ती नीट कापली जात नाहीत. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचं ऑक्साइड २,००० अंशांच्या पुढे. म्हणजे साल घट्ट राहते आणि गाभा पाणी होतो. स्टेनलेसमधल्या क्रोमियमचं ऑक्साइडही असंच अडवून धरतं. बिडात ग्राफाइट आडवं येतं. ही कामं रोजची असतील तर गॅसच्या संचावर खर्च करू नका, विजेवर चालणारा प्लाझ्मा कटर बघा. साध्या पोलादाचा ३ मिलिमीटरच्या आतला पत्रासुद्धा गॅसने वेडावाकडा होतो. त्याला ग्राइंडर बरा.

थोडक्यात सांगा, ॲसिटिलीन घेऊ की प्रोपेन?

पोलाद गॅसनेच वितळवून जोडायचं असेल तर ॲसिटिलीन. त्याला पर्याय नाही, कारण प्रोपेनच्या ज्योतीत वितळलेलं पोलाद ऑक्सिडाइज होतं आणि जोड ठिसूळ राहतो. फक्त कापणं, तापवणं आणि ब्रेझिंग (मूळ तुकडे न वितळवता पितळासारखा दुसरा धातू वितळवून जोडणं) असेल तर मी प्रोपेन किंवा एलपीजी सुचवतो. कापताना सुरुवातीची कडा लाल व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, पण चीर सुरू झाली की फरक फारसा जाणवत नाही आणि चिरेची वरची कड ॲसिटिलीनपेक्षा कमी वितळते. सतत नवी भोकं पाडत छोटे छोटे काप घ्यायचे असतील तर तो सुरुवातीचा वेळ साठत जातो. तिथे ॲसिटिलीन पुढे राहतं.

गळतीचा विचारही करा. ॲसिटिलीन हवेपेक्षा किंचित हलकं असल्याने वर जातं, पण हवेत त्याचं प्रमाण अडीच टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत काहीही असलं तरी ते पेटू शकतं. प्रोपेन सुमारे २ ते साडेनऊ टक्क्यांतच पेटतो, मात्र हवेच्या दीडपट जड असल्याने खड्ड्यात, गटारात, तळघरात साचून राहतो. जमिनीखालच्या जागेत काम असेल तर प्रोपेनचा सिलेंडर तिथे नेऊच नका.

ॲसिटिलीनचा छोटा सिलेंडर घेतला आणि मोठं तापवण्याचं नोझल लावलं तर?

हे कृपा करून करू नका. ॲसिटिलीन इतर गॅससारखा दाबून भरता येत नाही. मोकळ्या स्थितीत १ बारच्या वर, म्हणजे १५ पीएसआयच्या वर, तो ऑक्सिजन नसतानाही स्वतःच विघटित होऊन स्फोट होऊ शकतो. म्हणून सिलेंडरमध्ये सच्छिद्र भराव असतो, त्या भरावात ॲसिटोन मुरवलेलं असतं आणि गॅस त्या ॲसिटोनमध्ये विरघळलेला असतो. सोड्याच्या बाटलीसारखं आहे: हळू उघडली तर फक्त वायू येतो, घाईने उघडली तर द्रवही येतो. गॅस वेगाने ओढला तर ॲसिटोन बाहेर येतं, नळ्या आणि रेग्युलेटरची सील खराब होते, ज्योतीचा रंग बदलतो आणि नोझलला गॅस कमी पडून ज्योत आत शिरण्याचा धोका तयार होतो.

जुना नियम असा: थांबून थांबून काम असेल तर भरलेल्या गॅसच्या सातव्या भागाहून जास्त गॅस तासाला ओढायचा नाही, सलग काम असेल तर दहाव्या भागाहून जास्त नाही. आता सलग कामासाठी पंधरावा भागही सुचवला जातो. दहाव्या भागाचा नियम धरला तरी ६ घनमीटरच्या सिलेंडरमधून सलग तासाला फार तर ०.६ घनमीटर. अनेक ज्योतींचं मोठं तापवण्याचं नोझल तासाला दीड-दोन घनमीटर सहज मागतं. मग तीन-चार सिलेंडर मॅनिफोल्डने (सगळ्यांचा गॅस एकत्र आणणाऱ्या नळीने) जोडावे लागतात. तापवायला प्रोपेन घ्या म्हणतो त्याचं खरं कारण हेच.

सिलेंडर नेहमी उभा ठेवा. आडवा आणला असेल तर उभा करून काही तास थांबा आणि मगच वापरा.

ऑक्सिजन किती लागेल?

इथे प्रोपेनचा खर्च दिसतो. एक घनमीटर ॲसिटिलीनला सिलेंडरमधला ऑक्सिजन साधारण एक ते सव्वा घनमीटर लागतो. प्रोपेनला चार घनमीटरच्या आसपास. १५० बारला भरलेला ४७ लिटरचा सिलेंडर घ्या. त्यात सुमारे ७ घनमीटर ऑक्सिजन असतो. तापवण्याचं नोझल तासाला दीड घनमीटर प्रोपेन जाळत असेल तर ६ घनमीटर ऑक्सिजन तासाभरात गेला. दिवसभर तापवण्याचं काम असणाऱ्याला एक ऑक्सिजन सिलेंडर पुरणार नाही, हे हिशोबातच दिसतं. नोझलच्या तक्त्यात ताशी वापर दिलेला असतो. खरेदीआधी एवढा गुणाकार करून बघा.

प्रोपेनच्या बाजूलाही मर्यादा आहे. सिलेंडरमधला द्रव वायू होताना उष्णता घेतो, म्हणून गॅस जास्त ओढला की सिलेंडर बाहेरून घामेजतो, मग त्याच्यावर बर्फ साचतो आणि दाब पडतो. तेव्हा मोठा सिलेंडर घ्या किंवा दोन जोडा. सिलेंडरला ज्योतीने ऊब देणं हा अपघाताला दिलेला निमंत्रणाचा नारळ आहे. एलपीजीत ब्युटेनचं प्रमाण जास्त असेल तर थंडीत त्रास आणखी वाढतो, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या जवळच उकळतो आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर जोडला तर सिलेंडरची कटकट वाचेल का?

काच, दागिने, लहान ब्रेझिंग यांच्या बारीक ज्योतीला चालतो. कापायला नाही. तो ९० ते ९५ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देतो, आणि दाब व प्रवाह दोन्ही कमी असतात.

शेगडीचा रेग्युलेटर लावू का?

नाही. तो सुमारे ३० मिलिबार दाबासाठी असतो, टॉर्चला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. त्या गॅससाठी बनवलेला, दाब कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटरच घ्या.

नोझल कसं निवडायचं?

जाडीवरून. एका प्रचलित मालिकेत ३ ते ६ मिलिमीटरला १/३२ इंच, ६ ते १२ ला ३/६४ आणि त्यापुढे ७५ मिलिमीटरपर्यंत १/१६ इंच छिद्राचं नोझल येतं. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात, म्हणून शेवटचा शब्द तुमच्या टॉर्चबरोबर आलेल्या तक्त्याचा. दाबही तिथूनच घ्या. मोठं नोझल लावून ज्योत बारीक ठेवण्याचा मोह टाळा. गॅसचा वेग घटला की ज्योत आत ओढली जाते.

ॲसिटिलीनचं आणि प्रोपेनचं नोझल वेगळं असतं. ॲसिटिलीनचं बहुधा एकसंध असतं. प्रोपेनचं दोन तुकड्यांचं, आत खाचांचा पितळी गाभा आणि बाहेर तांब्याचं आवरण, कारण प्रोपेनची ज्योत संथ जळते आणि तिला टोकाशी धरून ठेवावं लागतं. गॅस बदलला की नोझल बदलायचं. नोझलची छिद्रं योग्य मापाच्या पिनेने साफ करा, तार किंवा ड्रिल घालू नका. भोक एकदा वाकडं झालं की धार फाकते आणि सरळ चीर पुन्हा मिळत नाही.

कापायला आणि तापवायला एकच टॉर्च चालेल का?

चालतो. एका मुठीला कापण्याचा जोडभाग आणि तापवण्याची टोकं बदलून लावता येतात. अधूनमधून काम करणाऱ्याला हाच संच मी सुचवेन. रोज कापणाऱ्याला मात्र सरळ लांब गॅस कटर बरा: चेहरा ज्योतीपासून लांब राहतो आणि जोड कमी असल्याने गळतीच्या जागाही कमी. इंधन गॅसचा दाब कमी असेल तर इंजेक्टर पद्धतीचा टॉर्च निवडा. त्यात ऑक्सिजन स्वतःच्या वेगाने इंधन ओढून घेतो.

नळ्यांत बघायचं काय?

नळी त्या गॅससाठी बनलेली आहे का, हे. ॲसिटिलीनची नळी प्रोपेनला लावली तर तिचं आतलं रबर हळूहळू खराब होतं. आंतरराष्ट्रीय मानकात ऑक्सिजन निळा, ॲसिटिलीन लाल, एलपीजी नारिंगी असे रंग आहेत, पण काही देशांत वेगळे रंग चालतात. म्हणून नळीवरचा मजकूर वाचा. जोडणी उलटी होऊ नये म्हणून ऑक्सिजनचे आटे उजवे आणि इंधनाचे डावे असतात, इंधनाच्या नटावर खाचही असते. आटा बसत नसेल तर जोर लावू नका, चुकीचं काहीतरी जोडत आहात.

नळी फाटली तर टेप गुंडाळू नका. ॲसिटिलीनच्या नळीत तांब्याचा तुकडा घालून सांधणं तर प्राणघातक आहे, कारण तांब्यावर स्फोटक ॲसिटिलाइड तयार होतं.

एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) आहे, मग फ्लॅशबॅक अरेस्टर कशाला?

दोघांची कामं वेगळी आहेत. एनआरव्ही उलटा वाहणारा गॅस अडवतो. उलटी धावणारी ज्योत, म्हणजे फ्लॅशबॅक, तो अडवत नाही. फ्लॅशबॅक अरेस्टरमध्ये धातूच्या दाट सच्छिद्र भागातून जाताना ज्योत थंड होऊन विझते. टॉर्चच्या टोकाशी एकदाच फट् असा आवाज होऊन ज्योत विझली तर तो बॅकफायर. नोझल कामाला टेकलं असेल, तापलं असेल किंवा दाब कमी असेल. पण आतून शिट्टीसारखा आवाज येऊन मूठ तापू लागली तर ज्योत आत जळते आहे. लगेच ऑक्सिजन बंद करा, मग इंधन. कारण सापडेपर्यंत पुन्हा पेटवू नका.

अरेस्टर दोन्ही रेग्युलेटरच्या बाहेर, ऑक्सिजनच्या बाजूलाही. पैसे कमी पडत असतील तर टॉर्च साधा घ्या, नोझल एकच घ्या, ट्रॉली नंतर घ्या. अरेस्टर वगळू नका. एकदा जोराचा फ्लॅशबॅक झेललेला अरेस्टर बदलून टाका.

ऑक्सिजनचा रेग्युलेटर घट्ट फिरतो. थेंबभर तेल घालू?

एक थेंबही नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आणि ग्रीस ठिणगीशिवायही पेट घेतात. तेलकट हातमोज्यांनी तो हाताळूही नका. दुरुस्ती जाणकाराकडून.

पेटवायचं आणि बंद करायचं कोणत्या क्रमाने?

आधी दोन्ही रेग्युलेटरचे स्क्रू सैल आहेत ना ते बघा आणि सिलेंडरचे व्हॉल्व्ह हळू उघडा, रेग्युलेटरच्या समोर उभं न राहता. दाब लावा. मग एकेका नळीतून थोडा गॅस सोडून आत मिसळलेली हवा काढून टाका. हे पाऊल सगळ्यात जास्त गाळलं जातं आणि पहिल्याच पेटवणीला होणारे स्फोट यातूनच होतात. नंतर इंधन थोडं उघडून स्पार्क लायटरने पेटवा, काडेपेटीने किंवा सिगारेट लायटरने नको. शेवटी ऑक्सिजन.

बंद करताना आधी इंधन की आधी ऑक्सिजन, यावर उत्पादकांचं एकमत नाही. तुमच्या टॉर्चच्या पुस्तिकेतला क्रम पाळा. गळती साबणाच्या पाण्यासारख्या फेस येणाऱ्या, पण तेलविरहित द्रवाने तपासा.

गंजलेला नट सोडवायला किती तापवायचं?

लालभडक करायची गरज नसते. पोलाद अंशामागे मीटरला सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. म्हणजे २० मिलिमीटरचा नट ४०० अंशांनी तापला तर साधारण ०.१ मिलिमीटर फुगतो आणि गंजाची पकड तुटायला तेवढं पुरतं. उष्णता नटाला द्या, बोल्टला नाही, आणि झटपट द्या. हळू तापवलं तर दोन्ही सारखेच फुगतात. इथे ॲसिटिलीनची टोकदार ज्योत उपयोगी पडते. कठीण केलेला उच्च ताकदीचा बोल्ट असा तापला तर त्याची ताकद गेली, तो परत वापरू नका.

कोणता चष्मा?

ब्रेझिंगला शेड (काचेच्या गडदपणाचा क्रमांक) ३ किंवा ४, साधारण २५ मिलिमीटरपर्यंत कापायला तेवढाच, त्यापुढे ४ ते ५. साधा काळा चष्मा चालत नाही. जस्त चढवलेला पत्रा कापत असाल तर जस्ताचा धूर छातीत जाऊन काही तासांनी थंडी-ताप भरतो. आधी लेप घासून काढा आणि हवा खेळती ठेवा.

रिकामा ड्रम कापू शकतो का?

धुतल्यासारखा दिसला तरी नाही. शिवणीत अडकलेलं तेल तापून वाफ होते आणि बंद भांडं फुटतं. असं काम करण्याची पद्धत शिकलेल्या माणसाकडेच द्या.

काम कुठे करावं?

काँक्रीटच्या फरशीवर थेट नाही. आतलं पाणी वाफ होऊन काँक्रीटच्या कपच्या उडतात. खाली पोलादी टेबल किंवा वाळू ठेवा. कापताना उडालेल्या ठिणग्या १० मीटरपर्यंत जातात आणि भुशात, कापसात, भिंतीच्या फटीत आत धुमसत राहतात. टॉर्च बंद केल्यावर निदान तासभर कुणीतरी तिथे थांबून लक्ष ठेवावं, पाण्याची बादली आणि आग विझवण्याचं साधन हाताशी ठेवून.